तेवीस डब्यांचं जाळं

सहादू पगारेला माणसांचा वीट आला तो वयाच्या बासष्टाव्या वर्षी. त्याआधीची अडतीस वर्षं तो माणसं एकमेकांना जोडून देत हिंडला होता. टेलिफोन खात्यात लाईनमन होता तो. श्रीरामपूर, राहाता, पार शेवगावपर्यंत त्याच्या बदल्या झाल्या. खांबावर मधमाश्या डसल्या, एकदा तोल जाऊन खाली उसात पडला, मनगट मोडलं. पण बंद पडलेला फोन पुन्हा बोलायला लागला की घरमालकापेक्षा याचंच तोंड जास्त खुलायचं. "अवं, तुमाला कोन फोन करतंय, म्हनून एवढं हसता?" असं त्याची बायको चांगुणाबाई विचारायची. सहादूला ते सांगता यायचं नाही. हाक मारली आणि ती पोचली, याच्याइतकं चांगलं जगात काही नाही, असं त्याला मनापासून वाटायचं. इतका भाबडा माणूस सरकारी नोकरीत अडतीस वर्षं टिकला कसा, हेच नवल.

निवृत्त होऊन तो शेंदूरवाडीला आला. बेलापूरच्या पुढं, प्रवरेच्या काठाला हे गाव. गाव म्हणायचं, पण अर्धी माणसं शिवारात ज्याच्या त्याच्या वस्तीवर राहतात आणि वस्त्यांच्या मध्ये नुसता ऊस. ऊस चढला की शेजारच्या घराचा पत्राही दिसत नाही. त्या उसात बिबटे वाढले. पूर्वी बिबट्या दिसला तर पेपरात बातमी यायची. आता कुत्रं नाहीसं झालं तर माणसं दुसरं कुत्रं आणतात.

दोन वर्षांमागं पुण्याची एक संस्था आली आणि तिनं गावात तेवीस घरी तेवीस डबे बसवले. जेवणाच्या डब्याएवढा चपटा डबा, वर वीतभर अँटेना, पुढं लाल बटन, आत बॅटरी आणि भोंगा, बाजूला चालू-बंद करायचा खटका. बिबट्या दिसला की बटन दाबायचं. ज्यानं दाबलं त्याच्या घरी नुसता लाल दिवा लुकलुकायचा, कारण जनावर दारात असताना तिथंच भोंगा वाजला तर ते बिथरतं. भोंगा वाजायचा तो बाकीच्या घरी, चांगला दोन मिनिटं, आणि हाक कुठल्या घरून आली तो नंबर डब्यावर उमटायचा. देखभालीला गावातला एक माणूस हवा होता. सगळ्यांनी एका तोंडानं सहादूचं नाव घेतलं, कारण दुसऱ्या कोणाला हे लचांड नको होतं.

संस्थेची इंजिनिअर मुलगी त्याला समजावायला बसली. म्हणाली, "काका, याला मेश टोपोलॉजी म्हणतात."

सहादूनं जन्मभर पाहिली होती ती निराळी रचना. गावातल्या साऱ्या तारा एका एक्सचेंजात. शेजारच्याशी बोलायचं तरी आवाज आधी एक्सचेंजात जाणार आणि तिथून माघारी येणार. एक्सचेंज बसलं की सारं गाव मुकं. इथं एक्सचेंजच नव्हतं. प्रत्येक डबा ऐकणारा आणि प्रत्येक डबाच पुढं सांगणारा. एकानं हाक ऐकली की तो आपल्या टप्प्यातल्या सगळ्यांना सांगणार, ते त्यांच्या टप्प्यातल्यांना. तीच हाक फिरून पुन्हा आली तर डबा ती सोडून देणार, नाहीतर सगळे दिवसभर एकमेकांना तेच सांगत बसतील.

"मंग परत्येक डब्याला परत्येक डबा तारंनं जोडायचा म्हनला," सहादू डोळे मिटून म्हणाला, "तर तेवीस गुनिले बावीस, त्याच्या निम्म्या. दोनशे त्रेपन्न तारा वढाव्या लागल्या असत्या."

मुलगी त्याच्याकडं बघतच राहिली. "बरोबर काका. तारा नाहीत म्हणून तर हे जमलं. आणि सगळ्यांना सगळे ऐकू यायलाच पाहिजेत असंही नाही. दोन-तीन शेजारी ऐकू आले तरी पुरतं. एक वाट बंद झाली की हाक दुसऱ्या वाटेनं जाते."

सहादूला ते इतकं पटलं की तो घरी येऊन चांगुणाबाईला भाकरीचे तुकडे मांडून दाखवत बसला. तिनं ते उचलून कालवणात कुस्करले.

त्याचा जीव अडकला होता तो बावीस नंबरच्या डब्यात. तो गोजरबाईचा. सत्तरीची बाई, नवरा गेलेला, मुलगा-सून चाकणला कंपनीत. शिवाराच्या पार टोकाला ती चार शेळ्या घेऊन एकटी राहायची. तिन्ही बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला ओढा. तिच्याकडं मोबाईल होता, पण आलेला फोन उचलायचा एवढंच तिला जमायचं. तिच्या डब्याच्या टप्प्यात तीनच डबे येत: गोरक्षचा, आदिनाथचा आणि खुद्द सहादूचा. तिघांपैकी एकानं ऐकलं की सगळ्या गावानं ऐकलंच. पण एकानं तरी ऐकायला हवं.

"मावशे," सहादूनं तिला शिकवलं, "वाघरू दिसलं की हे बटन दाबायचं आन दार लावून आत बसायचं. भाईर यायचं न्हाई. पाच मिनिटांत मानसं येत्याल, माझा शब्द हाय."

"तुझा शब्द म्हंजे झालं," गोजरबाई म्हणाली. ती रोज सकाळी देव पुसून झाले की त्याच फडक्यानं डबा पुसायची.

गावाला सगळं नीट कळावं म्हणून सहादूनं ग्रामपंचायतीच्या अंगणात एक खेळ केला. सहा माणसं गोल उभी केली आणि सुतळीचे पंधरा तुकडे घेऊन प्रत्येकाला बाकीच्या पाचांशी बांधलं. मग पक्कडीनं एक सुतळी तोडली. "आता गोरक्षचा निरोप आदिनाथकडं जाईल का न्हाई?"

"जाईल की. माझ्याकून जाईल," सरपंच कल्याण म्हणाला.

दुसरी तोडली, तिसरी तोडली. तरी जातोय. मग एका माणसालाच गोलातून बाहेर काढला. तरी जातोय. लोकांनी टाळ्या पिटल्या. आयुष्यात पहिल्यांदाच सहादूसाठी त्या अंगणात टाळ्या वाजल्या होत्या, आणि त्या भरात तो बोलून गेला, "बगा, एक डबा बंद पडला तरी काय बिघडत न्हाई!"

तासभर तो घसा फोडून सांगत होता. गावानं त्यातलं एवढंच एक वाक्य उचलून घरी नेलं.

पहिला खटका पाडला आदिनाथनं. सहादू फेरीवर गेला तर डबा मुका. विचारलं तर आदिनाथ धार काढता काढता, मानही वर न करता म्हणाला, "भोंगा वाजला की म्हस पान्हा चोरती. आन एक बंद असला तर काय बिघडत न्हाई म्हनं. तूच म्हनला ना?"

सहादूनं खटका वर केला आणि पुढं गेला. पुढच्या घरी सुपारीचे पाहुणे आले होते म्हणून बंद. त्याच्या पुढं पोराची बारावी म्हणून बंद. एकानं बॅटरी काढून फवारणीच्या पंपाला लावली होती. एका घरी डब्यावर चड्डी वाळत घातलेली, आणि घरातली माणसं चहा पीत त्याच्याकडं बघत होती. प्रत्येकाच्या तोंडी तेच वाक्य, आणि वर हसणं. सहादूला स्वतःच्याच जिभेची शिसारी यायला लागली.

गोरक्षची तर तऱ्हाच और. बागायती तीस एकर, दारात दोन गाड्या. हा सहादूच्या वस्तीवर कामाला माणसं बोलवायला यायचा, पण जन्मात कधी त्याच्या ओट्यावर टेकला नाही की तांब्याला हात लावला नाही. उन्हात उभा राहून बोलायचा. तो म्हणाला, "माझ्याकडं वाघ आला की करीन की चालू."

"अरं पन दुसऱ्याकडं आला तर तुझ्या डब्यातनं हाक पुढं जाती!"

"दुसऱ्यांच्या हाका माझ्या डब्यातनं कशापायी? मी काय हमाल हाय का?"

सहादूला वाटलं याच्या अंगणात थुंकावं. थुंकला नाही, अडतीस वर्षांच्या नोकरीनं गिळायची सवय लावली होती. खटका वर करून तो निघाला आणि फाटकाबाहेर येऊन मात्र थुंकला.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. सकाळी सहादूनं खटके वर करायचे आणि दुपारपर्यंत लोकांनी ते खाली पाडायचे. तो चिडायचा, ओरडायचा. आदिनाथला एकदा तोंडावर म्हणाला, "तुझ्या दोन तांबे दुधापरीस म्हातारीचा जीव हलका व्हय रं?" आदिनाथ नुसता हसला. माणूस कसा एवढा ओशाळत नाही, या विचारानं सहादूला घास जाईना. चांगुणाबाई म्हणायची, "तुमी आपला आपला डबा बगा." त्यावर तो म्हणायचा, "आपला आपला बगून तर ही पाळी आली."

जानेवारीत ऊसतोडीला जोर आला, फड मोकळे झाले आणि बिबटे राहिलेल्या उसात दाटले. गोजरबाईच्या घराभोवतीचा ऊस अजून उभा होता. सहादूनं तिकडच्या फेऱ्या वाढवल्या. त्या बुधवारीही त्यानं सकाळीच गोरक्षचा आणि आदिनाथचा डबा स्वतःच्या हातानं चालू केला.

सहादूची मुलगी यशोधरा बाळंतपणाला आलेली होती. बाळ दीड महिन्याचं, पोटात कळा यायच्या, दिवस-दिवस रडायचं. त्या दिवशी दुपारी अडीचला कुठं त्याचा डोळा लागला आणि तीनला भोंगा बोंबलला. कोणीतरी रानमांजर पाहून बटन दाबलं होतं. आठवड्यात ही तिसरी खोटी हाक. बाळ असं दचकलं की त्याचा श्वासच अडकला; निळं पडलं, मग रडलं. यशोधराही रडायला लागली. म्हणाली, "आबा, आजच्या दिवस तरी..."

सहादूनं डब्याकडं पाहिलं. गोजरबाईच्या टप्प्यात तीन डबे. दोन मी सकाळीच चालू केलेत. एक वाट बंद झाली तरी दोन उरतात. हिशोब चोख होता. त्यानं आपल्या डब्याचा खटका खाली केला.

तीनचा तोच भोंगा आदिनाथच्या गोठ्यातही वाजला होता. म्हैस बिथरली म्हणून त्यानं खटका पाडला. सहादूचा आणि गोरक्षचा असेलच की चालू, असं त्यानं धरलं. गोरक्षचा दुपारचा डुलका मोडला म्हणून त्यानंही पाडला, आणि त्यानं तर इतकाही विचार केला नाही.

दिवेलागणीला गोजरबाईच्या शेळ्या ओरडायला लागल्या. तिनं खिडकीतून पाहिलं तर बिबट्या कुडावर चढलेला. तिनं लाल बटन दाबलं. दिवा लुकलुकला. तिनं सांगितल्याप्रमाणं दार लावलं आणि आत बसली. कोणी आलं नाही. पुन्हा दाबलं. एक शेळी ओरडायची थांबली. पुन्हा दाबलं. किती वेळा ते तिला सांगता येत नाही. नंतर पाहिलं तर अंगठ्याचं नख मुळापासून काळं पडलं होतं. दुसरी शेळी थांबली. डब्यावरचा दिवा तेवढा इमानानं लुकलुकत होता. तेव्हा तिनं कुदळीचा दांडा घेतला आणि दार उघडून बाहेर गेली.

उसाचा ट्रॅक्टर घेऊन चाललेल्या ड्रायव्हरनं तिची किंकाळी ऐकली म्हणून ती वाचली. खांद्यापासून कानापर्यंत बेचाळीस टाके पडले. डावा हात आता वर होत नाही.

दुसऱ्या दिवशी सहादू श्रीरामपूरला दवाखान्यात गेला. रात्रभर त्यानं काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. त्याला बघून गोजरबाईनं मान वळवायचा प्रयत्न केला आणि पट्ट्यांतून विचारलं, "सहादू, बाबा, माझंच कायतरी चुकलं का रं? मला नीट दाबता न्हाई आलं का?"

"न्हाई मावशे. तू बरुबर दाबलं."

"जोरात दाबाया पायजे हुतं का? लोकांला उगं बोल नको लागाया. मानसं आली असती, मीच अडानी."

सहादू वऱ्हांड्यातल्या बेसिनपाशी गेला आणि सकाळचा चहा ओकला. चूळ भरली, पुन्हा ओकला. आरशात स्वतःचं तोंड दिसलं. आदिनाथ, गोरक्ष आणि त्या चड्डी वाळत घालणाऱ्या घराचा त्याला दोन वर्षं तिटकारा वाटत आला होता; पण त्या आरशातल्या माणसाइतका कोणाचाच नाही. दुसऱ्यांनी निदान हिशोब केला नव्हता.

शनिवारी ग्रामपंचायतीच्या अंगणात बैठक बसली. सरपंच कल्याणनं विचारलं, कोणाकोणाचा डबा चालू होता. आदिनाथ छातीला हात लावून म्हणाला, "माझा चालूच हुता." गोरक्ष म्हणाला, "माझा बी." मग एकेक करत सगळेच. बारावीवाला चालू, सुपारीवाला चालू, चड्डीवाला चालू. ज्याच्या डब्यात बॅटरीच नव्हती त्याचाही चालू. "मशीनच बोगस हाय," असं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

सहादू उठला. "मशीन बोगस न्हाई. माझा डबा बंद हुता. मीच खटका पाडला, दुपारी तीनला, नातवाची झोपमोड नको म्हनून. माझी चुकी हाय."

त्याला वाटलं होतं, एक जण खरं बोलला की दुसरा उठेल, मग तिसरा. बासष्ट वर्षांचा झाला तरी भाबडेपणा गेला नव्हता. पण त्यानं पाहिलं की चेहऱ्यांवरचा ताण उतरतोय. माणसं सैलावून बसली. कोणीतरी तंबाखू चोळायला घेतली.

"घ्या," आदिनाथ म्हणाला. "देखभाल करनाराच असा, मंग लोकांला काय बोलायचं!"

"लोकांच्या म्हशीवर बोट ठिवायचं आन आपल्या घरी हे असं," गोरक्ष म्हणाला.

ठराव झाला. देखभाल करणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे यंत्रणा निकामी ठरली, सबब सर्व डबे काढून संस्थेकडे परत पाठवावेत. सहादूनं सही केली. सगळ्यांत किळसवाणं ते त्याच्यानंतर घडलं. चहा आला, आणि माणसं त्याच्याजवळ येऊन त्याचा खांदा थोपटायला लागली. "जाऊ दे सहादू, मानूस हाय, चुकतं." "मनाला नको लावून घिऊस." ज्यांनी त्याला दोन वर्षं दारातून हसून वाटेला लावलं होतं ते आता त्याला माफ करत होते, आणि माफ करताना त्यांना फार बरं वाटत होतं. गोरक्षनं तर स्वतःच्या हातानं त्याला चहाचा कागदी कप दिला. सहादूनं तो त्याच्या समोरच मातीत ओतला आणि पोतं घेऊन डबे गोळा करायला निघाला.

लोकांनी डबे काढूनच ठेवले होते, लगबगीनं. कोणाच्या डब्यात पालीची अंडी, कोणाच्या अँटेनाला बैलाच्या दाव्याचा तुकडा. खटके सगळे खाली.

गोजरबाई पंधरा दिवसांनी घरी आली. मुलगा म्हणत होता चाकणला चल, ती दोन उरलेल्या शेळ्यांसाठी थांबली. सहादू शेवटचा डबा काढायला तिच्याकडं गेला. तिच्या डब्यावर धूळ नव्हती. उजव्या हातानं का होईना, तिनं तो सकाळी पुसला होता.

त्यानं ओट्यावर बसून तिला सगळं सांगितलं. तीन डबे होते, तिन्ही बंद होते, त्यातला एक माझा. कशासाठी, तेही सांगितलं. गोजरबाईनं उजव्या हातानं पदर सारखा केला. मग म्हणाली, "पोराचं पोट दुखायचं राहिलं का?"

तिनं शिव्या घातल्या असत्या तर त्यानं त्या आनंदानं झेलल्या असत्या.

"मला एकच सांग," ती म्हणाली. "मी बटन दाबायची तर नुसता लाल दिवा लागायचा. पलीकडं कुनी ऐकलं का न्हाई, ते मला कळायचं कसं? आदी कळलं असतं ऐकाया कुनी न्हाई, तर मी वाट बगत बसलेच नसते. शेळ्या सोडून दिल्या असत्या."

दोन वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्या इंजिनिअर मुलीनं नाही, दोनशे त्रेपन्न तारांचा हिशोब डोळे मिटून करणाऱ्या सहादूनंही नाही. सगळ्यांनी हाक पुढं कशी जाते एवढंच पाहिलं होतं. हाक मारणारीला ती पोचल्याचं कोण सांगणार, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यानं तिचा डबा काढला नाही. घरी येऊन पोत्यातून आपला डबा काढला आणि पुन्हा भिंतीवर ठोकला. ठराव झाला होता खरा. सरपंचाला त्यानं सांगितलं, एकवीस पाठव, दोन हरवले म्हणून लिही. आता रोज दिवे लागले की गोजरबाई एकदा बटन दाबते. सहादूच्या घरी भोंगा वाजतो. मग सहादू आपलं बटन दाबतो आणि तिकडं तिच्या घरी वाजतो, म्हणजे तिला कळतं की ऐकणारा जागेवर आहे. दोन डब्यांना जाळं म्हणत नाहीत. ती एक तार झाली, आणि ती तुटली तर दुसरी वाट नाही, हे सहादूइतकं कोणाला ठाऊक असणार? तो संध्याकाळी कुठंच जात नाही. बाळ भोंग्यानं दचकून उठतं. यशोधरा त्याला खांद्यावर घेऊन मागच्या दारी जाते.

पाच-सहा दिवस झाले असतील. भोंगा वाजायला लागला आणि पलीकडच्या बांधावरून आदिनाथ ओरडला, "अरं ए सहादू! वाघ न्हाई, काय न्हाई, रोज काय लावलंय हे? पाड की तो खटका!"

सहादूनं आधी लाल बटन दाबून गोजरबाईला उत्तर दिलं. मग खाट ओढून तो डब्याखाली बसला आणि बांधावरच्या आदिनाथकडं बघत राहिला. भोंग्याचं अजून दीड मिनिट बाकी होतं.